सुख तपासले, बरोबर आढळले

एकशे वीस माणसं किती सुखी आहेत हे शुक्रवारी संध्याकाळी पाचच्या आत मोजून द्यायचं होतं, आणि तो शनिवार होता. काम माझं नव्हतं, मुलीचं होतं. पण मुलीचा पाय गुडघ्यापर्यंत प्लास्टरमध्ये होता. तो कसा मोडला हे मी सांगत बसणार नाही, कारण त्यात जिन्यात राहिलेल्या माझ्या चपलांचा उल्लेख येतो आणि तो विषय आमच्या घरात अजून मिटलेला नाही.

मुलगी मानसशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला. प्रबंधासाठी तिला चार गट घ्यायचे होते: दुकानदार, निवृत्त लोक, गृहिणी आणि सरकारी कर्मचारी, प्रत्येकी तीस. प्रत्येकाला वीस वाक्यांचा एक फॉर्म द्यायचा आणि प्रत्येक वाक्यापुढे एक ते सात यांतला आकडा लिहून घ्यायचा. एक म्हणजे अजिबात पटत नाही, सात म्हणजे पूर्ण पटतं. भरलेले फॉर्म शुक्रवारी पाचला कॉलेजच्या खिडकीवर गेले नाहीत तर वर्ष वाया. तिच्या मॅडमनी मुदत वाढवायला साफ नकार दिला होता. मुलगी रडली नाही. नुसती छताकडे बघत पडून राहिली, आणि ते मला रडण्यापेक्षा जास्त लागलं.

"मी करतो," मी म्हणालो.

मुलीने मान वळवून माझ्याकडे पाहिलं. बायकोने स्वयंपाकघरातून डोकावून पाहिलं. दोघींनी मग एकमेकींकडे पाहिलं, ते मी न पाहिल्यासारखं केलं.

आता मी कोण, हे सांगायला हवं. मी वजनमापे निरीक्षक. एकतीस वर्षं झाली, बाजारातले तराजू, काटे, वजनं आणि लिटरची मापं तपासतो. पिशवीत प्रमाण वजनं घेऊन जायचं, दुकानदाराचं वजन त्याच्याशी ताडून बघायचं, बरोबर असेल तर शिक्का मारायचा, नसेल तर दुकानदाराच्या तोंडचं पाणी पळवायचं. तराजू खोटं बोलायला लागला की ते आधी मला कळतं, मग दुकानदाराला, आणि गिऱ्हाईकाला बहुधा कधीच कळत नाही. एकतीस वर्षांत न तपासता मी एकही शिक्का मारलेला नाही. हे मी घरात इतक्या वेळा सांगितलंय की आता मी "एकतीस वर्षांत" एवढं म्हटलं की मायलेकी कामाला लागतात.

मुलीने मानसशास्त्र घेतलं तेव्हा मी म्हणालो होतो, "जे तोलता येत नाही त्याची परीक्षा कसली देणार?" त्यावर ती चार दिवस माझ्याशी बोलली नव्हती. आणि आता तेच तोलायचं काम माझ्या हातात आलं होतं. खोटं कशाला सांगू, मला असा काही हुरूप चढला की विचारू नका. आजवर साखर मोजली, रॉकेल मोजलं, सोनं मोजलं. सुख राहिलं होतं.

मुलीने पडल्या पडल्या दोन नियम सांगितले. एक, आकडा त्यांनी सांगायचा, आपण सुचवायचा नाही. दोन, फॉर्मवर नाव लिहायचं नाही, आणि कोणी काय लिहिलं हे कोणालाही बोलायचं नाही. तिसरा नियम सांगायचं तिला सुचलं नाही. कोणालाच सुचलं नसतं.

सुरुवात खालच्या मजल्यावरच्या शिंप्यापासून केली. म्हटलं, ओळखीचा माणूस आहे, हात बसेल.

"पहिलं वाक्य," मी वाचलं, "'माझं आयुष्य मला हवं तसं आहे.' किती?"

"चाललंय," शिंपी म्हणाला.

"चाललंय नाही. एक ते सात."

"अहो, चाललंय की."

"चाललंय म्हणजे किती?"

त्याने मशीन थांबवलं आणि चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. "साहेब, चाललंय म्हणजे चाललंय. थांबलं की तुम्हाला कळवतो."

वीस वाक्यांना त्याने वीस वेळा चाललंय म्हटलं. मी घरी येऊन मुलीला सुचवलं की आपण एकदाच काय ते चाललंयचं माप ठरवून टाकू, चार धरू, म्हणजे पुढचा घोळ मिटेल. तिने डोळे मिटून घेतले. "बाबा, पहिलाच नियम," ती म्हणाली. शेवटी फॉर्म शिंप्याकडेच ठेवून आलो आणि म्हटलं, सवडीने आकडे घाला.

निवृत्तांसाठी वरच्या मजल्यावरचे हेडमास्तर. निवृत्त होऊन त्यांना बारा वर्षं झाली, पण ती बातमी अजून त्यांच्या आवाजापर्यंत पोहोचलेली नाही. सकाळी फिरायला जाणाऱ्या मंडळाचे ते अध्यक्ष. त्यांनी फॉर्म घेतला, खिशातून लाल पेन काढलं आणि मी अडवेपर्यंत तीन ऱ्हस्व-दीर्घ दुरुस्त केले.

"सुखी वेगळा, समाधानी वेगळा," ते म्हणाले. "तुम्ही दोघांना एकाच रकान्यात बसवलंत. आणि हा आनंदी शब्द माणसाला लावूच नये. टिकत नाही."

"सर, मला फक्त तीस फॉर्म भरून हवेत."

"सभा घ्यावी लागेल. मंडळाच्या घटनेत असं परस्पर सुखी होता येत नाही."

वाचनालयाच्या हॉलमध्ये शनिवारी संध्याकाळी सभा झाली. सूचक, अनुमोदक, सगळं रीतसर. तासाभराने हेडमास्तरांनी माझ्या हातात ठरावाची प्रत दिली: मंडळाचे सर्व सभासद सरासरी साडेपाच इतके समाधानी आहेत, ठराव एकोणतीस विरुद्ध एक मतांनी मंजूर. जो एक विरुद्ध होता त्याचं म्हणणं असं की, आपण नाही आहोत. त्याला खाली बसायला सांगण्यात आलं.

मुलीने ठराव घेतला नाही. ठरावाला सरासरी असते, माणसाला नसते, असं काहीतरी ती म्हणाली. मग रविवारी पुन्हा तोच हॉल, तीच मंडळी. या वेळी हेडमास्तरांनी सगळ्यांना एकाआड एक बाकांवर बसवलं, स्वतः पाठीमागे हात बांधून रांगांमधून फिरले, आणि शेजाऱ्याचं बघून स्वतःचं एकाकीपण भरणाऱ्या दोघांना उठवून पुढच्या बाकावर आणलं. दोघातिघांनी पुरवणी मागितली. तरी तीसच्या तीस फॉर्म हातात पडले, आणि मी पिशवी काखेत मारून असा घरी आलो की वाटेत मलाच माझा हेवा वाटला.

गृहिणींचं काम मीच करणार होतो. चार ओळींचं प्रास्ताविक पाठही केलं होतं. पण बायकोने गठ्ठा माझ्या हातातून काढून घेतला. "द्या इकडे. तुम्ही दार वाजवलंत तर बायका आधी घरातला वजनकाटा लपवतील." शनिवार आणि रविवार अशा दोन दुपारींत तिने तीस फॉर्म भरून, दोऱ्याने बांधून माझ्यापुढे ठेवले. मला जरा नवलच वाटलं.

"समजून भरले ना सगळ्यांनी?" मी विचारलं.

"हो. त्यात एक तर—"

"छान, छान," मी म्हणालो. मला सोमवारच्या बाजाराचा मार्ग आखायचा होता.

सोमवारी मी रजा टाकून बाजारात शिरलो आणि शिरल्या शिरल्या बाजार शांत झाला. हे माझ्या लक्षात यायला हवं होतं. एकतीस वर्षं जो माणूस दारात उभा राहिला की गल्ल्याखालची हलकी वजनं आत सरकतात, तोच माणूस तीच पिशवी घेऊन आला आणि विचारू लागला की तुम्ही सुखी आहात का, तर दुकानदार दुसरं काय सांगणार?

"एकदम सुखी, साहेब," किराणावाला म्हणाला. त्याने आधीच तराजूवरचं फडकं झटकलं होतं. "काहीच तक्रार नाही. कालही नव्हती."

"विचार करून आकडा लिहा. एक ते सात."

"जास्तीत जास्त किती चालतं?"

"सात."

त्याने वीस वेळा सात लिहिले. पुढच्याने सात, त्याच्या पुढच्याने सात. लोखंडी सामानवाल्याने एका वाक्यापुढे सहा लिहिला, माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि खोडून सात केला. मी चेहऱ्याने काही सुचवलं असेन तर ते नकळत. दुपारपर्यंत एकोणतीस दुकानं झाली, आणि शिंप्याकडून भरून आणलेला फॉर्म तिसावा.

आणि इथेच घोडं पेंड खायला लागलं. माझ्या पिशवीत एक गोल शिक्का असतो: "तपासले व बरोबर आढळले. पुढील तपासणी एक वर्षाने." दुकानात कागद हातात आला की माझा हात पिशवीत जातो, शिक्का शाईच्या डबीवर आपटतो आणि कागदावर उमटतो. त्यात माझं डोकं कुठे येतच नाही. एकदा बँकेत खातं उघडायच्या फॉर्मवरही असंच झालं होतं. तर एकोणतीस दुकानदारांच्या सुखावर मी जागच्या जागी शिक्के मारले, खाली सह्या केल्या, तारीख घातली. किराणावाल्याने अदबीने विचारलं, "साहेब, याची एक झेरॉक्स काढून ठेवू?" म्हटलं, काढा की. मला वाटलं, माणसाला आपली उत्तरं जपून ठेवायची असतील.

संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर गठ्ठे मांडले तेव्हा चूक माझ्या लक्षात आली. म्हणजे मला जी चूक वाटली ती. एकोणतीस फॉर्मांवर शिक्का आणि बाकीच्यांवर नाही. ज्याने कचेरीत उमर काढली आहे त्याला विचारा, असा गठ्ठा बघवत नाही. मी शाईची डबी उघडली आणि एकसारखेपणासाठी शिंपी, निवृत्त आणि गृहिणी यांच्यावरही शिक्के मारायला घेतले.

"अहो, हा शिक्का—" बायको म्हणाली.

"थांब गं, लय जाते."

मंगळवारी माझ्या कचेरीत सरकारी कर्मचारी घेतले. आमच्याकडे कचेरीचे मुख्य साहेब धरून सव्वीस जण, वरच्या मजल्यावरून चार उसने आणले. फॉर्म प्रत्येकाच्या टेबलावर ठेवला, पण पेन कोणी उचलेना. वरिष्ठ लिपिकाने सगळ्यांच्या मनातलं बोलून दाखवलं: "साहेबांनी किती लिहिलंय?" साहेबांपेक्षा जास्त सुखी दिसणं बरं नाही, आणि कमी दिसलं तर तक्रार वाटायची. साहेबांकडे गेलो तर साहेब म्हणाले, "फाईलने या." मी परत येऊन सांगितलं की साहेब शेवटी भरतील. मग एकोणतीस जणांनी मध्यात पडतो म्हणून चार लिहिला आणि लगेच चहाला गेले. मी शिक्के मारले. एकशे एकोणीस झाले. एक साहेब राहिले, आणि शुक्रवार अजून लांब होता. त्या संध्याकाळी मी घरी शीळ घालत आलो.

बुधवारी सकाळी कचेरीच्या दारात रांग होती.

पुढचा माणूस फरसाणवाला. त्याच्या हातात किराणावाल्याच्या फॉर्मची झेरॉक्स होती. किराणावाल्याने ती चौकटीत बसवून तराजूच्या प्रमाणपत्राशेजारी टांगली होती: वीस ओळी, वीस सात, खाली सरकारी शिक्का. ते पाहून शेजारच्याने टांगली, आणि मंगळवारी दुपारपर्यंत बाजारात पसरलं की सुखाची तपासणी सुरू झाली आहे, ज्याच्याकडे हे प्रमाणपत्र नाही त्याचा परवाना पुढच्या वेळी अडकणार.

"साहेब, माझंच दुकान का वगळलं?" फरसाणवाल्याच्या डोळ्यांत पाणी होतं. "मी काय सुखी नाही?"

"अहो, तीसच माणसं हवी होती."

"तीसच? उरलेल्या बाजाराने काय करायचं?"

मी समजावून सांगत होतो, पण रांग वाढतच होती. फाटकाबाहेर अर्ज भरून देणारा एजंट टेबल टाकून बसला होता आणि ओरडत होता, "सातपैकी सात, खाडाखोड नाही." बरं, सगळ्यात वाईट काय सांगू? मला आतून आनंद होत होता. एकतीस वर्षांत लोक माझ्याकडून काही मिळावं म्हणून कधी रांगेत उभे राहिले नव्हते. मी एका म्हाताऱ्या कंदीलवाल्याला धीर देताना म्हणूनही गेलो, की तुमचा नंबर पुढच्या वर्षी नक्की लावू.

संध्याकाळी मुलीने पहिल्यांदा फॉर्म पाहिले. एकामागून एक दहा-बारा उलटले.

"बाबा, हे काय आहे?"

"कोऱ्या जागेत मारलाय. उत्तरांवर नाही गेला," मी म्हणालो. शिक्का मारण्यात मी किती जपतो हे तिला दिसायला हवं होतं.

"तुम्ही यांचं सुख तपासलंत?"

"तसं नाही."

"मग बरोबर आढळलं कसं?"

मला उत्तर सुचलं नाही म्हणून मी दुखावलो. आम्हा माणसांचं असंच असतं. तिने शेवटी सुस्कारा टाकला आणि म्हणाली की आकडे तर शाबूत आहेत, मॅडमना ती समजावेल, फक्त शुक्रवारपर्यंत आता आणखी काही करू नका. मी तिला शब्द दिला, आणि खरंच मी काही केलं नाही. जे केलं ते गुरुवारी एका गिऱ्हाईकाने केलं.

हा गृहस्थ किराणावाल्याकडे सुट्टे पैसे मागायला गेला, किराणावाला त्याच्यावर खेकसला. गृहस्थाने भिंतीवरचं प्रमाणपत्र वाचलं. अकरावं वाक्य होतं, "लोकांशी बोलताना माझं मन प्रसन्न असतं," पुढे सात. गृहस्थ तडक आमच्या कचेरीत आला आणि लेखी तक्रार देऊन गेला: सदर दुकानदार प्रमाणपत्रात दर्शवल्याप्रमाणे सुखी नसून, प्रत्यक्षात सुख कमी भरते, तरी योग्य ती कारवाई व्हावी. आवक लिपिकाने तिच्यावर क्रमांक घातला. आणि क्रमांक पडलेला कागद आमच्याकडे देवालाही मागे घेता येत नाही.

साहेबांनी मला आत बोलावलं. त्यांचा फॉर्म भरून घ्यायला म्हणून मी सगळे गठ्ठे पिशवीतून कचेरीत आणले होते, आणि ती पिशवी त्यांच्या टेबलावर होती. एकशे एकोणीस फॉर्म तक्रारीतला पुरावा म्हणून बांधून, वर लाखेचं सील ठोकून ठेवले होते. हातात मेमो दिला. एकतीस वर्षांतला पहिला. त्यातलं एकच वाक्य मी सांगतो, बाकीचं सांगवत नाही: "आपण कोणत्या प्रमाण वजनाच्या आधारे सदर सुख तपासले, याचा चोवीस तासांत खुलासा करावा."

"साहेब, उद्या पाचला हे कॉलेजात गेले नाहीत तर पोरीचं वर्ष जाईल," मी म्हणालो. "मला काय शिक्षा करायची ती करा. पण गठ्ठा सोडा."

"खुलासा आणा, मग बघू," साहेब म्हणाले.

घरी येऊन मुलीला सांगितलं. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. ती म्हणाली, "जाऊ दे बाबा. तुम्ही खूप केलंत." आणि पुन्हा छताकडे बघायला लागली. त्या रात्री मला जेवण गेलं नाही.

खुलासा लिहायला बसलो तर लिहिण्यासारखं एकच होतं. शुक्रवारी दुपारी एक वाजता साहेब जागेवर आले तसा तो त्यांच्यासमोर ठेवला: प्रमाण वजन नव्हते. तपासले नाही. शिक्का सवयीने मारला.

साहेबांनी तो दोनदा वाचला. "तुम्ही? न तपासता?"

"एकशे एकोणीस वेळा."

साहेब खुर्चीत मागे टेकले. मला वाटलं, आता संपलं. पण त्यांनी खणातून सुरी काढली आणि लाख फोडली. "मग एक करा. इथे बसा. प्रत्येक फॉर्मवरचा शेरा रद्द करा, सही आणि तारखेसह. शेरा नाही, तर प्रमाणपत्र नाही. प्रमाणपत्र नाही, तर तक्रार निकाली. गठ्ठा घेऊन जा."

मला त्यांच्या पाया पडावंसं वाटलं, पण वेळ नव्हता. खिशातून पेन काढलं आणि एकामागून एक आडव्या रेघा मारत सुटलो. पाच-सहा झाले असतील.

"न वाचता सह्या केल्यात," साहेब शांतपणे म्हणाले. "आता न वाचता रद्दही करणार?"

झोंबलं मला ते. घड्याळात सव्वा वाजला होता. मी पेन खाली ठेवलं, पहिला फॉर्म पुन्हा उचलला आणि वाचायला लागलो.

काय सांगू तुम्हाला. आठवडाभर मी सुख पिशवीत घालून फिरत होतो आणि त्यातलं एक अक्षर वाचलं नव्हतं. तो चाललंयवाला शिंपी, त्याने "मी करतो ते काम मला आवडतं" यापुढे सात लिहून त्याला दोनदा गोल केला होता. दुकानदारांच्या सातांच्या रांगेत एकाने "मला शांत झोप लागते" यापुढे आधी लिहिलेला दोन नीट खोडलेला नव्हता, सातच्या पोटातून दिसत होता. एका निवृत्ताने "माझी कोणाला तरी गरज आहे" यापुढे आकडाच घातला नव्हता, बाजूला बारीक अक्षरात लिहिलं होतं, "चौकशी करून सांगतो." आणि आमच्या कचेरीतले चार, चार, चार. त्यांतल्या एका फॉर्मवर पाच होता, फक्त एका ठिकाणी, "माझ्याबरोबर काम करणारी माणसं चांगली आहेत" यापुढे. कोणी लिहिला असेल देव जाणे. मी एकेकावर लिहीत गेलो: "वरील शेरा रद्द." मधेच वर पाहिलं तर साहेबांनी उरलेला कोरा फॉर्म पुढे ओढला होता.

"तिकडे तोंड करा," ते म्हणाले.

मी भिंतीकडे तोंड करून रद्द करत राहिलो. मागे बराच वेळ पेनचा आवाज आला नाही, मग आला.

शेवटी गृहिणींचा गठ्ठा घेतला. साडेतीन झाले होते. त्यातला बावीस-तेविसावा फॉर्म उघडला आणि माझा हात जागीच थांबला. नाव नव्हतं. पण तो दोनचा आकडा मी तीस वर्षं वाण्याच्या यादीत बघतोय. शेपटी अशी लांब काढते की खालच्या ओळीला लागते. घरच्या माणसांची काळजी वाटते, सात. हातातल्या कामात मन रमतं, सहा. सगळं नीट चाललं होतं. मग अठरावं वाक्य आलं: "माझं बोलणं शेवटपर्यंत ऐकून घेणारं कोणीतरी माझ्याजवळ आहे." पुढे तो शेपटीवाला दोन. आणि खाली, कोऱ्या जागेत, अजिबात न सांडता, माझा गोल शिक्का: तपासले व बरोबर आढळले.

"काय झालं?" साहेबांनी विचारलं.

"काही नाही," मी म्हणालो. मी शेऱ्यावर रेघ मारली आणि त्या एकाच फॉर्मवर वेगळं लिहिलं: "वरील शेरा चूक. निरीक्षकाने तपासले नव्हते." सही केली, तारीख घातली.

साडेचारला मी एकशे वीस फॉर्म छातीशी धरून रस्त्याने पळत होतो. या वयात, दप्तराची पिशवी आणि प्रमाण वजनांसकट. वजनं कचेरीत ठेवून यावीत हे सुचलंच नाही. खिडकीवर पोहोचलो तेव्हा पाचला सात मिनिटं कमी होती. आतल्या बाईंनी गठ्ठा मोजला, वरचा फॉर्म बघितला आणि कपाळाला आठ्या घातल्या.

"प्रत्येकावर शेरा, आणि प्रत्येक शेरा रद्द? हे आम्हाला घेता येणार नाही. मॅडमना विचारावं लागेल."

मॅडम आल्या. त्यांनी मधले चार-पाच फॉर्म उलटले. मी श्वास रोखून उभा होतो, म्हणजे श्वास उरला होता तेवढा.

"हे कोणी केलं?"

"मी. मुलीचा काही दोष नाही. मी वजनमापे निरीक्षक आहे. मला वाटलं, मला मोजता येईल."

मॅडमनी माझ्याकडे पाहिलं, माझ्या खांद्यावरच्या पिशवीकडे पाहिलं. "आकड्यांना हात लावलाय?"

"नाही. एकालाही नाही."

"एकालाही बदलावंसं वाटलं नाही?"

"वाटलं," मी म्हणालो. "एका दोनाला."

त्या किंचित हसल्या आणि खिडकीतल्या बाईंना म्हणाल्या, "घ्या." पाचला दोन मिनिटं असताना पोच माझ्या हातात पडली.

घरी पोहोचलो तर मुलगी दाराकडेच बघत होती. मी पोच तिच्या हातात दिली. तिने ती वाचली, मग मला जवळ ओढून माझ्या खांद्यावर डोकं ठेवून ढसाढसा रडली. इतके दिवस अडवून ठेवलेलं सगळं एकदम आलं. मीही थोडा रडलो. तिचं प्लास्टर मधे येत होतं, पण निभावलं. वर्ष वाचलं होतं.

मग मी स्वयंपाकघरात गेलो. बायको शेंगा सोलत होती. मी स्टूल ओढून तिच्यासमोर बसलो.

"चहा हवाय?"

"नको. तू बोल."

"काय बोलू?"

"काहीही. मी ऐकतोय."

तिने शेंग खाली ठेवली आणि मला निरखून पाहिलं. "साहेबांनी निलंबित केलं का?"

"नाही."

"डॉक्टरांकडे जाऊन आलात का परस्पर? खरं सांगा."

"नाही गं. बोल तू."

आधी ती भीत भीतच बोलली. मग बोलायला लागली. तिच्या बहिणीचं काय चाललंय ते सांगितलं. वर्षभर तिच्या मनात होतं की मागच्या खोलीत शिवणाचा वर्ग सुरू करावा, ते सांगितलं. चार बायकांशी बोलून झालं होतं, शिंप्याने जुनं मशीन द्यायचं कबूल केलं होतं, वेळापत्रकसुद्धा तयार होतं. मला यातलं काही म्हणता काही ठाऊक नव्हतं. ऐकताना मला सात ठिकाणी बोलायचं होतं. पाचव्या ठिकाणी तर ती साल चुकीचं सांगत होती आणि ते माझ्या ओठांपर्यंत आलं होतं. मी गिळलं. शेंगा संपल्या, पातेल्यातलं पाणी उकळून उतरवलं, अंधारून आलं, दिवा लावला, तरी ती बोलत होती. तिचा चेहरा असा उजळला होता की मी बघतच राहिलो.

शेवटी ती थांबली. पदराला हात पुसले.

"माझा फॉर्म वाचलात ना?"

"फॉर्म गुप्त असतात," मी म्हणालो.

"अठरावं वाक्य."

मी शेंगांची टरफलं गोळा करायला घेतली. पण शेवटी मी मोजमाप खात्यातला माणूस, मला राहवेना.

"आता किती?" मी विचारलं.

ती विचार करू लागली. खरंच विचार करत होती, छताकडे बघून, ओठ दाबून. मी वाट बघितली. आणखी वाट बघितली.

"तीन तरी?" मी म्हणालो.

"चार म्हणणार होते," ती म्हणाली, "पण तुम्ही मधेच बोललात."

मी मुकाट्याने तीन घेतले आणि ती पुढे काय म्हणते ते ऐकत बसलो.